उंच बॉनेटच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवावं का?

कराडकर: साताऱ्यातल्या एका गॅरेजात महिंद्राची जुनी सीजे-३बी जीप बघितली. पत्रा झकास, कापडी हूड नवं. बॉनेट उचललं तर आत बोलेरोचं डीआय डिझेल. मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन मालकानं भंगारात वजनावर घातलं होतं. पोटात तुटलं हो.

या जीपचं बॉनेट उंच आहे तेच मुळात त्या इंजिनामुळे. इंधन-हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, म्हणून इंजिन उंच झालं आणि त्यासाठी बॉनेट वर घ्यावं लागलं. इंजिनच काढलंत तर ती उंची कशासाठी उरली? शिवाय २०२१ च्या नियमानुसार ५० वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज नंबर मिळतो, पण चासी, बॉडी, इंजिन मूळचं असेल तरच. माझं म्हणणं एवढंच, की अशी गाडी घेणाऱ्यानं ती होती तशी उभी करावी. जमत नसेल तर जमणाऱ्याला विकावी.

घाटवाट: कराडकर, तुमची कळकळ पटते, मत पटत नाही. व्हीए नंबरची गाडी रोज रस्त्यावर काढताच येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, बस्स. मला जीप बामणोलीपर्यंत न्यायचीय, शेडमध्ये पुसत बसायचं नाही. एप्रिलमध्ये यवतेश्वरचा घाट चढताना फ्युएल पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी वळणावर बंद पडते. मग पंपावर ओलं फडकं टाकून थांबायचं. त्यात आता पेट्रोल ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. पंपाचा जुना रबरी पडदा आणि होसपाइप इथेनॉलनं फुगतात. डिझेल टाकलं की ही सगळी कटकट संपते. जीप राबायला बनली होती, तिला राबू द्या.

मिरजेचा मिस्त्री: घाटवाट, इंजिन बदलायचं म्हणताय, पण ब्रेकचं काय? जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. एका चाकाचा सिलिंडर पाझरला की चारही ब्रेक गेले. वर तुम्ही जड आणि जास्त ओढीचं इंजिन बसवणार, म्हणजे पुढचे स्प्रिंगचे पाटे दबणार आणि तीन गिअरची जुनी पेटी रडणार. उतरताना काय कराल?

कागदाचंही तसंच. गाडीत केलेल्या बदलांसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसी बुकावर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल तर अपघातानंतर विमा कंपनीशी भांडत बसाल.

घेताना इंजिन नंतर बघा, आधी गाडीखाली झोपा. पाट्यांचे हँगर जिथं चासीला बसतात तिथं छोट्या हातोडीनं टिचकी मारत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर रंगाखाली गंज किंवा पुट्टी आहे. चासी नंबर ब्रशनं घासून आरसीशी ताडा. लष्कराच्या लिलावातली असेल तर लिलावाची मूळ कागदं हातात आल्याशिवाय इसार देऊ नका.

सड्यावरची: तुमचं इंजिन कुठलंही असो, कास-चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, रस्ता सोडून चाक घालू नका. जांभ्यावर जेमतेम बोटभर माती असते. पावसात लो रेंज (जास्त ओढीचा गिअर) लावून फिरवलेलं चाक ती खरवडून नेतं, आणि तिथं पुन्हा फूल यायला किती पावसाळे जातील कोण जाणे. याला कुणी छंद म्हणू नये.

घाटवाट: सड्याचं शंभर टक्के मान्य. ब्रेकचंही मान्य, इंजिनाआधी डबल सर्किट आणि बूस्टर बसवणार. पण डिझेलवरून मी हटत नाही. मात्र ते सीजे-३बीत घालण्यापेक्षा महिंद्राचीच एमएम-५४० जीप घेतलेली बरी. तिच्यात मुळातच प्यूजोचं २.१ लिटरचं डिझेल आहे.

कराडकर: मग आपलं भांडण कुठं राहिलं? जरूर घ्या ५४०. फक्त तेही इंजिन काढून तिसरंच बसवू नका. आणि कुणाकडे हरिकेनचा ब्लॉक धूळ खात पडला असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी इथं कळवा. साताऱ्यातल्या त्या मालकाशी मी बोलायला तयार आहे.