मदत हवी आहे: एआयएस रिसीव्हर रास्पबेरी पायला जोडलाय, पण जहाजं मधेच गायब होतात

मंडळी, बोटीवर रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) बसवलाय, त्यावर ओपनसीपीएन (सागरी नकाशे दाखवणारं सॉफ्टवेअर) चालतं, आणि आता त्याला एआयएस रिसीव्हर (आसपासची जहाजं आपली जागा सांगणारे जे रेडिओ संदेश पाठवतात ते पकडणारा) जोडायचा खटाटोप चाललाय. रिसीव्हरचा आउटपुट एनएमईए ०१८३ (बोटीवरच्या उपकरणांची डेटाची भाषा) आहे, यूएसबी-सिरीयल केबलने पायला लावलाय. आधी बॉड रेट (डेटाचा वेग) ४८०० ठेवला होता (जीपीएसची सवय, दुसरं काय) तर स्क्रीनवर नुसता कचरा, मग ३८४०० केला आणि !एआयव्हीडीएमने सुरू होणाऱ्या ओळी (म्हणजे एआयएसचे संदेश) धडाधड यायला लागल्या, चार्टवर जहाजांचे त्रिकोणही दिसले, इतकं भारी वाटलं म्हणून सांगू!

पण पाय बंद करून परत चालू केला की निम्म्या वेळा सगळं गायब. शोधाशोध केल्यावर कळलं की जीपीएस आणि एआयएस दोघं पोर्टची अदलाबदल करतात, आज जो टीटीवाययूएसबी० (लिनक्सने पोर्टला दिलेलं नाव) तो उद्या १. युडेव्हचा (लिनक्समधली, जोडलेली उपकरणं ओळखून त्यांना नावं देणारी सोय) रूल लिहून पक्कं नाव देता येतं हे माहितीये, पण माझ्या दोन्ही केबलमध्ये चिप सेमच आणि सिरीयल नंबरच नाही, मग ओळखायचं कशावरून? कुठल्या सॉकेटमध्ये लावलंय त्यावरून रूल लिहिला तर टिकतो का? कोणी केलंय का असं?

अजून एक, रिसीव्हरच्या ए आणि बी अशा दोन वायर आहेत, केबल मात्र आरएस-२३२ची (तिला सिग्नलची एकच वायर लागते). मी ए केबलच्या आरएक्सला (डेटा घेणाऱ्या पिनला), ग्राउंड ग्राउंडला आणि बी तशीच मोकळी टेप लावून सोडलीये. चालतंय तर खरं, पण बरोबर आहे का हे?