मदत हवी आहे: जुनी स्काय लिफ्टची गाडी घ्यावी का?

नमस्कार मंडळी. मी नगरपालिकेच्या पथदिव्यांची कामं घेतो. आत्तापर्यंत शिडी आणि भाड्याची लिफ्ट यावर भागवलं, पण भाड्यातच सगळा नफा जातो. आता टाटा ४०७ वर बसवलेली, ११ मीटरची जुनी लिफ्ट बघून आलोय. इंजिन ठीक वाटलं, टायरही बरे आहेत.

अडचण वरच्या भागाची. बकेट (माणूस उभा राहतो तो पाळणा) पूर्ण वर नेऊन, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबलो, तर ती वीतभर खाली आली! मालक म्हणतो, "सील बदला, झालं." फक्त हायड्रॉलिक सिलिंडरचं सील असेल की होल्डिंग व्हॉल्व्हही (तेल अडवून बकेट वर धरून ठेवतो तो) गेला असेल? बूमच्या (बकेट उचलणाऱ्या लांब हाताच्या) सांध्याजवळ नवा रंग मारलाय, तेही खटकतंय. खाली वेल्डिंगची चीर लपवली असेल तर कशी ओळखायची? शेवटी वर माझीच पोरं चढणार.

दुसरं म्हणजे, आरसी बुकात बॉडी अजून साधी 'ओपन' आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदलाची नोंद आधी मालकानेच करून द्यावी, की ट्रान्सफरनंतर मला करता येईल? फिटनेसला अडवतात का?

ज्यांनी अशी गाडी वापरलीय त्यांनी कृपया सांगा. रविवारी टोकन द्यायचंय.