मुंबईमार्गे लांबचा विमानप्रवास: केबिन बॅगेत थोडी भर

लांबच्या विमानप्रवासाला केबिन बॅगेत काय भरायचं म्हटलं की मानेची उशी पहिली आठवते, पण उशीच्याही आधी कोरडेपणाचा विचार करा. विमानात हवेतली आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली असते. त्यामुळे रिकामी बाटली (तपासणीनंतर भरायची), ओठांसाठी व्हॅसलीनची छोटी डबी, नाकासाठी सलाईनचे थेंब आणि सुती मोजे हे आधी भरा. आंतरराष्ट्रीय उड्डाणात द्रव, जेल, मलम १०० मिलिपर्यंतच्या डब्यांत आणि सगळं मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. मोजतात ती डब्याची क्षमता. २०० मिलिची ट्यूब अर्धी संपलेली असली तरी काढून घेतात. तूप, श्रीखंड, लोणचं चेक-इन सामानात. बाकरवडी जवळ ठेवता येते, फक्त हवाबंद पाकीट वर गेल्यावर कमी दाबामुळे फुगतं. त्यावर जड काही नको.

पुण्याहून मुंबईचा विमानतळ गाठायलाच तीन-चार तास जातात. घाटात मळमळणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. म्हणून ती बाहेरच्या कप्प्यात.

रोजची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, दोन-तीन दिवसांची जास्तच. पॉवर बँक केबिनमध्येच न्यायची: २०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४ वॉट-तास, आणि विनापरवानगी मर्यादा १०० ची.

औषधं, पॉवर बँक, चष्मा, पासपोर्ट एका छोट्या कापडी पिशवीत वेगळे ठेवा. विमान भरलेलं असलं की दारातच केबिन बॅग खाली पाठवतात, तेव्हा ही पिशवी चटकन काढून घेता येते.