लेबल (रेकॉर्ड कंपनी) नसलेल्या कृष्णवर्णीय कलाकारांसाठी रेडिओचे दोन तास: सुरुवात कशी करावी?

रात्रपाळी:
अमेरिकेतल्या एका कम्युनिटी एफएम केंद्रावर (100 वॅटचं लो-पॉवर केंद्र, सोबत ऑनलाइन स्ट्रीम) आठवड्यातून एकदा संध्याकाळी 7 ते 9 हा वेळ मिळतो आहे. त्यात फक्त स्वतंत्र कृष्णवर्णीय कलाकार लावायचे आहेत: सोल, जॅझ, हिप-हॉप, हाउस, गो-गो, गॉस्पेल. मोठ्या लेबलांची गाणी लावायला बाकीची केंद्रं आहेतच. ज्यांचं काम उत्तम असूनही शहराबाहेर पोचत नाही, त्यांच्यासाठी हा वेळ वापरायचा आहे.

केंद्राचा परवाना पुरतो की प्रत्येक कलाकाराला विचारायचं? कार्यक्रम नंतर पॉडकास्ट म्हणून ठेवता येईल का? गाणं वाजवल्याने कलाकाराच्या हातात खरंच काही पडतं का? आणि नुसती गाण्यांमागून गाणी नकोत, त्यामागची संस्कृतीही पोचायला हवी. मग निवेदन किती आणि कशाबद्दल असावं?

परवानापुराण:
एकाच कार्यक्रमाचे इथे तीन वापर होतायत आणि तिन्हींचे नियम वेगळे आहेत, हे आधी पक्कं लक्षात घ्या.

पहिला वापर एफएमचा. त्यासाठी केंद्राने अॅस्कॅप, बीएमआय, सीसॅक वगैरे रचनांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचे परवाने घेतलेले असतात. त्याचे पैसे गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकाकडे जातात. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला अमेरिकेत एफएमवरून एक सेंटही मिळत नाही, कायदाच तसा आहे.

दुसरा स्ट्रीमचा. इथे साउंडएक्स्चेंज येतं, म्हणजे रेकॉर्डिंगच्या ऑनलाइन प्रसारणाचे पैसे गोळा करून वाटणारी संस्था. त्यांची वाटणी अशी: 50 टक्के रेकॉर्डिंगच्या मालकाला, 45 टक्के मुख्य कलाकाराला, 5 टक्के साथीदारांच्या निधीला. मास्टर (मूळ रेकॉर्डिंग आणि त्याचे हक्क) स्वतःकडे ठेवलेल्या कलाकाराला 95 टक्के मिळू शकतात, पण त्याने कलाकार आणि हक्कधारक अशा दोन्ही नात्यांनी नोंदणी केलेली हवी. एकच केली तर दुसरा हिस्सा अडकून पडतो. तुम्ही वाजवलेल्या गाण्याची नोंद केंद्राकडून नीट गेली तरच हे पैसे त्याच्यापर्यंत पोचतात. म्हणून प्रत्येक गाण्यासोबत कलाकाराचं नाव, शीर्षक, अल्बम, लेबल (स्वतःचं असेल तर तेच नाव) आणि 12 अक्षर-अंकांचा आयएसआरसी (त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) मागून घ्या. नावातलं एक अक्षर चुकलं तरी पैसे बेवारस खात्यात जाऊ शकतात.

स्ट्रीमच्या कायदेशीर परवान्याला (म्हणजे प्रत्येक कलाकाराला न विचारता कायद्यानेच मिळणाऱ्या परवान्याला) काही अटीही आहेत. 3 तासांच्या अवधीत एका कलाकाराची जास्तीत जास्त 4 गाणी, त्यातली सलग 3 पेक्षा जास्त नाहीत. एका अल्बममधली 3, सलग 2. पुढे नेमकी कोणती गाणी लागणार याची यादी आधी जाहीर करायची नाही. म्हणजे एकाच कलाकारावर तासभराचा विशेष कार्यक्रम करायचा असेल तर त्याची लेखी परवानगी लागणारच.

तिसरा पॉडकास्टचा. केंद्राचा कोणताही परवाना इथे पुरत नाही. दोन तासांचा भाग मागणीनुसार ऐकता येईल असा ठेवणं त्या कायदेशीर परवान्यात बसत नाही, पाच तासांपेक्षा छोट्या संग्रहित कार्यक्रमाला तो लागूच नाही. मात्र स्वतंत्र कलाकारांच्या बाबतीत एक मोठी सोय आहे: मास्टर आणि रचना दोन्ही बऱ्याचदा एकाच माणसाकडे असतात, त्यामुळे एका मेलवर काम होतं. मेल मोघम लिहू नका. साधारण असा हवा:

"तुमचं अमुक गाणं अमुक तारखेच्या कार्यक्रमात एफएमवर, स्ट्रीमवर आणि पुढे 12 महिने पॉडकास्टमध्ये विनामोबदला, पूर्ण लांबीचं वापरायला परवानगी आहे का? मास्टर आणि रचना या दोन्हींचे सगळे हक्क तुमच्याकडेच आहेत का? सहलेखक कोण? बीट लीजवर घेतलेलं आहे का? सॅम्पल वापरलं असेल तर त्याची परवानगी झाली आहे का?"

शेवटचे दोन प्रश्न सोडू नका. हिप-हॉपमध्ये बीट (रॅपखालचं तयार संगीत) अनेकदा बिगर-अनन्य लीजवर, म्हणजे एकट्याचा हक्क नसलेल्या भाड्याने, घेतलेलं असतं. निर्मात्याकडे मालकी राहते, तेच बीट आणखी कुणी वापरत असतं, आणि लीजमध्ये स्ट्रीम किंवा प्रसारणाची मर्यादा लिहिलेली असते. रॅपरने मनापासून "हो" म्हटलं तरी ती परवानगी द्यायचा अधिकार त्याला नसू शकतो. अशी गाणी आणि परवानगी न झालेल्या सॅम्पलची (दुसऱ्या रेकॉर्डिंगमधून उचललेल्या तुकड्यांची) गाणी थेट प्रसारणापुरती ठेवा, पॉडकास्टमधून काढा. नाहीतर एका तक्रारीवर अख्खा भाग उतरवावा लागतो, आणि त्यात बाकीच्या वीस कलाकारांचं नुकसान होतं.

तबकडी:
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. पैशांबद्दल थोडी भर घालतो.

प्रत्येक भागाच्या टिपणात पहिला दुवा विक्रीचा द्या, स्ट्रीमिंगचा नंतर. बँडकॅम्प (कलाकाराकडून थेट संगीत विकत घ्यायची साइट) डिजिटल विक्रीवर 15 टक्के घेतं (वर्षभरात 5000 डॉलरच्या वर विक्री गेली की 10), वस्तूंवर 10. पेमेंटचा खर्च वेगळा. 10 डॉलरच्या अल्बममागे कलाकाराला साधारण 8 डॉलर पडतात. उलट स्पॉटिफायवर 2024 पासून एखादं गाणं 12 महिन्यांत 1000 वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचे काहीच पैसे मिळत नाहीत. नव्या कलाकाराची निम्मी गाणी या रेषेखाली असू शकतात. मार्च 2020 पासून बँडकॅम्प काही ठरावीक शुक्रवारी स्वतःचा वाटा सोडतं. तारखा आधी जाहीर होतात, त्या आठवड्याचा भाग खरेदीकडे नेणारा ठेवा.

कलाकार ओळखीचे झाले की एक गोष्ट आवर्जून विचारा: स्वतःच्या रचना द एमएलसीकडे नोंदवल्या आहेत का? अमेरिकेतल्या स्ट्रीमिंगची मेकॅनिकल रॉयल्टी (रचनेच्या प्रतीमागे गीतकार-संगीतकाराला मिळणारे पैसे) 2021 पासून या संस्थेकडून वाटली जाते, नोंदणी फुकट आहे. गाणी अपलोड करणारा वितरक ही रक्कम सहसा आणून देत नाही.

आता जे अजिबात करायचं नाही ते. "इतक्या डॉलरमध्ये इतके स्ट्रीम" देणाऱ्या प्लेलिस्टवाल्यांशी कलाकाराची गाठ घालून देऊ नका. ऐकणारे बॉट असतात. ते पकडले गेले की आकडे कापले जातात, दंड वितरकाकडे जातो आणि वितरक गाणंच काढून टाकतो. शिक्षा कलाकाराला होते. तुम्हीही गाणं लावण्यासाठी पैसे, वस्तू, तिकिटं घेऊ नका. प्रसारणावर न सांगता असा मोबदला घेणं 1960 पासून कायद्याने गुन्हा आहे. शिवाय लो-पॉवर केंद्र बिगर-व्यावसायिक असतं, म्हणून एखाद्या धंद्याकडून देणगी घेतली असेल तर त्याच्या मालाची किंमत सांगणं किंवा "आजच घ्या" म्हणणं चालत नाही. नाव आणि ओळख सांगा, तेवढंच.

खालचा_सूर:
निवेदनाबद्दल. दोन तासांत 20 ते 22 गाणी बसतात. दर तीन गाण्यांनंतर दीड-दोन मिनिटं बोला, आणि नाव गाण्याच्या नंतर सांगा, आधी सांगितलं तरीही. आवडलेलं गाणं कुणाचं हे श्रोत्याला गाणं संपल्यावरच हवं असतं. नावाचा उच्चार कलाकाराकडून ऐकून घ्या, 10 सेकंदांचा व्हॉइस मेसेज मागवा. त्यात "मी अमुक, तमुक शहरातून" एवढं असलं की तोच कार्यक्रमात वापरता येतो.

काय बोलायचं? शहर, वाद्यं, साथीदार, ध्वनिमुद्रण कुठे झालं. "दर्दभरा आवाज", "रस्त्यावरचं वास्तव" असली विशेषणं टाळा. त्यांत कष्टाने घडवलेली कला दिसेनाशी होते आणि फक्त हालअपेष्टा उरतात.

गो-गोचंच बघा. वॉशिंग्टन डीसीचं हे संगीत, चक ब्राउन त्याचा अध्वर्यू. एक गाणं संपलं तरी ड्रम, कोंगा, रोटोटॉम आणि काउबेल थांबत नाहीत. तो झुलता ठेका, ज्याला ते पॉकेट म्हणतात, तसाच चालू राहतो, मुख्य गायक समोरच्या गर्दीतल्या मोहल्ल्यांची नावं पुकारतो, गर्दी उत्तर देते, आणि त्याच ठेक्यावर पुढचं गाणं चढतं. यातले चार मिनिटांचे तुकडे कापून लावले तर नेमका जीव जातो. म्हणून गो-गोला सलग 15 मिनिटं द्या, आणि स्टुडिओपेक्षा मैफलीचं मुद्रण निवडा. मग सांगा की 2019 मध्ये डीसीच्या शॉ भागात एका मोबाइल दुकानाबाहेर वर्षानुवर्षं वाजणारं गो-गो बंद करायला लावलं तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, आणि 2020 मध्ये शहराने कायदा करून गो-गोला आपलं अधिकृत संगीत ठरवलं. ऐकून झालेल्या पंधरा मिनिटांमुळे ही माहिती मनात बसते. आधी सांगितली तर भाषण होतं.

मालकीचा इतिहासही अधूनमधून येऊ द्या, कारण तुमचे कलाकार त्याच परंपरेतले आहेत. हॅरी पेस यांनी 1921 मध्ये न्यूयॉर्कला ब्लॅक स्वान रेकॉर्ड्स काढली, तीन वर्षांत ती पॅरामाउंट या लेबलकडे गेली. जॅझ वादक चार्ल्स टॉलिव्हर आणि स्टॅन्ली काउएल यांनी 1971 मध्ये स्ट्राटा-ईस्ट ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली तेव्हा मास्टर कलाकाराकडेच ठेवला. डेट्रॉइटच्या टेक्नोवाल्यांनी सबमर्ज नावाने स्वतःची वितरण व्यवस्था उभी केली. एका भागात एकच गोष्ट घ्या, आणि लगेच आजच्या, स्वतःचा मास्टर सांभाळणाऱ्या कलाकाराचं गाणं लावा.

आणि फेब्रुवारीत ब्लॅक हिस्ट्री मंथ, जूनमध्ये ब्लॅक म्युझिक मंथ म्हणून सगळा जोर तिथेच लावू नका. त्या दोन महिन्यांत सगळेच या कलाकारांना विचारतात. ऑक्टोबरात कुणी विचारत नाही.

रात्रपाळी:
सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका राहिली: वेळ संध्याकाळी 7 ची आहे आणि निम्म्या हिप-हॉपमध्ये शिव्या आहेत. आणि फायली कशा मागवायच्या?

परवानापुराण:
एफएमवर सकाळी 6 ते रात्री 10 अश्लील भाषा चालत नाही, तुमचे दोन्ही तास त्यात येतात. कलाकाराकडून क्लीन (शिव्या नसलेली) आवृत्ती मागा. स्वतः शब्द उलटा फिरवून किंवा आवाज दाबून कापाकापी करू नका, ओळीचा ठेका मोडतो आणि ते त्याच्या नावावर जातं. "क्लीन" लिहिलेली फाइलही शेवटपर्यंत ऐका, मागच्या कोरसमध्ये एखादा शब्द राहिलेला असतो. क्लीन नसेल तर त्याच कलाकाराचं दुसरं गाणं घ्या, त्याला वगळू नका. वांशिक शब्दांबाबत केंद्राचं धोरण लेखी विचारून ठेवा.

फायली वेव्ह (न दाबलेला आवाज), 44.1 किलोहर्ट्झ, 16 किंवा 24 बिट. फोनवरून आलेली एमपीथ्री नको, स्ट्रीमवर पुन्हा दाबली गेली की झांजांचा चुरा होतो. पॉडकास्टचा पूर्ण भाग −16 एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणा, ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत उंच टोक) −1 डीबीच्या खाली. प्रत्येक गाण्याला वेगळा लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) लावू नका, फक्त पातळी वरखाली करा. जॅझच्या हळुवार मुद्रणाला हिप-हॉपइतकं मोठं करायला गेलात तर ड्रमचा श्वासच बंद होतो. फाइलचं नाव: कलाकार, शीर्षक, क्लीन की मूळ, आयएसआरसी. प्रसारणाचा अहवाल भरताना हेच लागतं, आणि तो त्याच रात्री भरा.