मदत हवी आहे: फुकेटला माळकरी सासूबाईंना स्थानिक जेवण कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं फुकेटला निघालोय. मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि सासूबाई. पहिले तीन दिवस काताच्या किनाऱ्याजवळ आणि पुढचे तीन जुन्या फुकेट शहरात मुक्काम आहे. बोटी, शो, हत्ती यांची माहिती नकोय, ती ढिगाने सापडते. मला खाणं, बाजार आणि देवळं यांबद्दल विचारायचंय.

अडचण अशी की आई माळकरी आहेत. मांस-मच्छी-अंडं तर नाहीच, कांदा-लसूणही चालत नाही. त्यांचा मुलगा मात्र माझ्या माहेरी मालवणला जेवून पुरता बाटलाय, त्याला रोज मासे हवेत. मागच्या वेळी एका टूरवाल्यांबरोबर बँकॉकला गेलो होतो. तिथे रोज रात्री ‘इंडियन डिनर’ म्हणून तेच पनीर आणि तीच पिवळी डाळ, तीही लसणाच्या फोडणीची. आईंनी सगळे दिवस दही-भात आणि केळ्यांवर काढले. परतताना विमानतळावर म्हणाल्या, "एवढ्या लांब येऊन तिथलं मीठसुद्धा चाखलं नाही बघ." ते मला लागलंय. म्हणून या वेळी टूर नाही.

तर पहिला प्रश्न, कांदा-लसूण नसलेलं थाई जेवण असतं का? वाचावं तिथे फिश सॉस. दुसरा, पर्यटकांसाठी मांडलेला नाही तर तिथली माणसं भाजी घ्यायला जातात असा बाजार कुठला? आईंना देशोदेशीची भाजी मंडई बघायला देवळाइतकंच आवडतं. आणि तिसरा, वाट चालोंग आमच्या यादीत आहेच, त्याशिवाय कुठली देवळं बघावीत? बसून राहता येईल अशी हवीत, नुसते फोटो काढून निघायची नकोत.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

ताई, उगाच कशाला प्रयोग? ठेपले, मेतकूट, भाजणी आणि छोटा राइस कुकर न्या. आम्ही दर वेळी तेच करतो. म्हाताऱ्या माणसाच्या पोटाचे हाल नकोत.

धागाकर्ती

मेतकूट येतंच आहे, काळजी नसावी. पण प्रश्न मिठाचा आहे.

प्रतिसाद २

मी इथे हॉटेलात नोकरीला आहे, पाच वर्षं झाली. तुमच्या सासूबाईंसाठी मुंबईपेक्षा फुकेट सोपं पडेल, विश्वास ठेवा.

‘जे’ हा एकच शब्द लक्षात ठेवा. पिवळा झेंडा किंवा पिवळी पाटी आणि तिच्यावर लाल अक्षरं, जी आपल्याला इंग्रजीतल्या सतराच्या आकड्यासारखी दिसतात. ते दिसलं की बिनधास्त आत शिरा. हे चिनी परंपरेचं व्रताचं जेवण. मांस, मासे, अंडं, दूध, फिश सॉस काही नाही, आणि कांदा-लसूण-पातीसुद्धा नाही. बटाटा-मुळा चालतो, म्हणजे जैनांना पुरेल असं नाही, पण माळकऱ्यांना अगदी चालेल. ‘मांगसविरात’ असं कोणी म्हणालं तर ते साधं शाकाहारी. त्यात अंडं असू शकतं आणि लसूण तर असतोच. तिथे गफलत करू नका.

फुकेट शहरात रानोंग रोडवर भाजीचा मोठा बाजार आहे, हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा जुजबी निकाल. पहाटे जा. त्याच रस्त्यावर थोडं पुढे चुई तुई हे चिनी देऊळ आहे आणि त्याच्या आसपास जे जेवणाची दुकानं आहेत. काचेमागे भाज्यांचे ट्रे मांडलेले असतात. बोट दाखवायचं, भातावर वाढून देतात. भाषेचा प्रश्नच नाही. दुपार टळायच्या आत जा, नंतर ट्रे रिकामे होतात.

एक धोक्याची सूचना. या ट्रेमध्ये सोयाबीन आणि गव्हाच्या सत्त्वाचं ‘मांस’ असतं, हुबेहूब! कातडी, चरबीचा थर, सगळं. माझी आई आली होती तेव्हा ती ताट सोडून उठली होती. आधीच सांगून ठेवा.

इथे या जेवणाचा वर्षातून एकदा नऊ दिवसांचा मोठा उत्सव असतो, चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या तिथीपासून. १८२५ च्या सुमारास काथू गावातल्या कथील खाणींवर चीनमधून एक नाटकमंडळी आली होती. ती आजारी पडली, व्रत केलं आणि बरी झाली, तिथून हा उत्सव सुरू झाल्याचं सांगतात. कित्येकदा तो आपल्या नवरात्रातच येतो. २०२४ मध्ये तर दोन्ही ३ ऑक्टोबरलाच बसले. पांढरे कपडे, फटाके, अंगात येणं, गालातून सळ्या. तुम्ही डिसेंबरात येताय, त्यामुळे सळ्या चुकतील. जेवण मात्र बारा महिने मिळतं.

धागाकर्ती

काय सांगता! आत्ताच आईंना वाचून दाखवलं. "म्हणजे तिथेही माळकरी आहेत," एवढंच म्हणाल्या. आणि खोट्या मटणाचं ऐकून, "मग सोडलं कशाला ते?"

प्रतिसाद ३

मागच्या फेब्रुवारीत आठ दिवस होतो. नवऱ्याचं आणि देवळांचं मी सांगतो.

जुन्या शहरात सकाळी ‘खनोम चीन’ शोधा. तांदळाच्या ताज्या शेवया आणि वर माशाची पातळ आमटी. तुम्ही मालवणच्या, म्हणजे शिरवळे डोळ्यांसमोर येतील, फक्त रस गोड नसून झणझणीत. सोबत कच्च्या पाल्याची परडी ठेवतात, तिच्यात काजूची कोवळी पानंसुद्धा! कोकणी माणसाने काजूचा पाला खाल्लाय का कधी? मी खाल्ला. तुरट, पण आमटीबरोबर छान. फुकेटची स्वतःची म्हणून होक्किएन नूडल्स, ते मात्र आईंपासून लांब ठेवा. रवायच्या किनाऱ्यावर मासे पारखून घ्यायचे आणि समोरच्या खाणावळीत शिजवून घ्यायचे, अशी सोय आहे. घासाघीस करावी लागते, वजनाकडे लक्ष ठेवा.

रविवारी संध्याकाळी थालांग रोड गाड्यांना बंद करून बाजार भरतो, ‘लार्ड याय’. पर्यटक असतात, पण स्थानिकही तेवढेच. लेकीला आ-पोंग द्या. तांदूळ आणि नारळाच्या दुधाचा पापडासारखा घावन, सुरळी करून देतात. त्यात अंडं असतं, म्हणून आईंना नको. त्यांना ओ-एव विचारा. एका प्रकारच्या बिया आणि केळं यांच्या चिकापासून केलेली जेली, वर किसलेला बर्फ, लाल सरबत आणि राजम्यासारखे दाणे. सब्जाची आठवण होते.

देवळांत माझं मत विचाराल तर वाट चालोंग गर्दीचं, सकाळी लवकर उरकून घ्या. बसायचं असेल तर थालांग भागातलं वाट फ्रा थोंग. तिथली सोनेरी बुद्धमूर्ती अर्धी जमिनीत आहे, वरचा भाग तेवढा दिसतो. १७८५ च्या स्वारीत बर्मी सैन्य ती खणून काढायला गेलं आणि गांधीलमाश्यांनी त्यांना पळवून लावलं, अशी कथा सांगतात. मोठ्या बुद्धाच्या टेकडीवर २०२४ च्या ऑगस्टमध्ये दरड कोसळली होती, त्यानंतर तो भाग बंद केला होता. जायच्या आधी चौकशी करा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आई नऊवारीत असतील तर प्रश्नच मिटला.

काताहून शहरात निळी सोंगथेव येते, म्हणजे आपली सहाआसनी समजा, जरा मोठी. ती थेट रानोंग रोडच्या बाजारापाशी सोडते. संध्याकाळी लवकर बंद होते, परतीला ॲपवरची गाडी बघा.

प्रतिसाद २

एक राहिलं. चुई तुईच्या शेजारीच पुट जॉ हे कुआन इम देवीचं छोटं देऊळ आहे. बसायला तेच उत्तम.

धागाकर्ती (जानेवारी)

आलो परत. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः पिवळ्या झेंड्याबद्दल. रानोंग रोडवर सलग तीन दिवस जेवलो. आईंनी भोपळ्याची भाजी आणि चिंचेतलं टोफू दोनदा मागून घेतलं. मांसाच्या ट्रेकडे पाठ करून बसल्या, पण उठल्या नाहीत. बाजारात शेवग्यासारखं, अळूसारखं, कोकमासारखं काय काय हातात घेऊन भाव विचारत होत्या, मराठीत. बाई थाईत सांगत होती. व्यवहार झाला!

वाट फ्रा थोंगला तासभर बसलो. पुट जॉमध्ये मात्र गंमत झाली. तिथे देवीसमोर गुडघे टेकून काड्यांचा डबा हलवतात, एक काडी बाहेर पडते आणि तिच्या आकड्याची चिठ्ठी घ्यायची. शिवाय लाकडाचे दोन तुकडे टाकून हो की नाही विचारायचं. मी म्हटलं, आई, हा तर आमच्याकडचा कौल! त्यांनी लगेच बसून काय विचारायचं ते विचारलं. मला सांगितलं नाही. काडी पडली, चिठ्ठी घेतली, ती थाई आणि चिनीत.

पाच वर्षं तिथे आहात, तर तुम्हाला थाई वाचता येतं का? फोटो व्यक्तिगत निरोपात पाठवू? आईंनी चिठ्ठी पंचांगात ठेवलीय आणि रोज एकदा विचारतात.