शेपटीत पांढरं असलेला गप्पीदास: उपजात कशी ठरवू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी सकाळी कडबनवाडीच्या माळावर (ता. इंदापूर) एक गप्पीदास (स्टोनचॅट पक्षी) नर दिसला आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. जाणकारांनी जरा वेळ काढून वाचावं ही विनंती.

गप्पीदास आपल्याला नवा नाही. हिवाळ्यात हरभऱ्याच्या बांधावर, बोरीच्या शेंड्यावर शेपटी झटकत बसलेला असतोच. हाही बसला होता तोवर चारचौघांसारखाच वाटला. काळसर डोकं, त्यावर पिसांच्या तपकिरी कडा अजून शिल्लक. मानेच्या बाजूला पांढरा डाग, छातीवर नारिंगी. पण किडा टिपायला खाली झेपावला, शेपटी पसरली आणि मला क्षणभर रणगोजा पक्षीच वाटला! शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं आणि टोकाकडे काळं. परत त्याच काटकीवर येऊन बसला, शेपटी मिटली, की पुन्हा साधा गप्पीदास. असं चार वेळा पाहिलं.

आपल्याकडे येणारे बहुतेक गप्पीदास 'मॉरस' किंवा हिमालयातले 'इंडिकस' या उपजातींचे धरले जातात. त्यांची शेपटी काळी असते. मॉरसमध्ये पिसांच्या अगदी मुळाशी थोडं पांढरं असू शकतं, पण ते शेपटीवरच्या आच्छादक पिसांखाली झाकलेलं राहतं. कॅस्पियन समुद्राच्या उत्तरेकडच्या 'हेम्प्रिची'मध्ये मात्र बाहेरच्या पिसांचा अर्ध्याहून अधिक भाग पांढरा असतो. माझं मन तिकडे ओढ घेतंय, पण ती उपजात हिवाळ्यात ईशान्य आफ्रिकेकडे जाते. म्हणून घाईने नाव लावायचं नाही असं ठरवलंय. (जुन्या पुस्तकांत हिलाच 'व्हेरिगेटस' म्हटलंय. ते नाव आता कॉकेशसच्या दक्षिणेकडच्या उपजातीला दिलं जातं, जिच्या शेपटीत पांढरं कमी असतं. जुन्या नोंदी वाचताना माझा यात दोन दिवस गोंधळ झाला.)

पांढऱ्या शेपटीचा गप्पीदास ही वेगळी जातच आहे हेही माहीत आहे. पण तो सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रेच्या काठच्या उंच गवतातला, बोरूच्या बेटांतला रहिवासी. शिवाय त्याच्या शेपटीच्या पिसांची आतली बाजू जवळजवळ टोकापर्यंत पांढरी असते. माझ्या पक्ष्यात टोकाकडचा काळा पट्टा स्पष्ट होता, निदान मला तसा दिसला.

फोटो तीनच, तेही साठ-सत्तर फुटांवरून. एकात शेपटी अर्धी उघडी आहे, पण ऊन मागून असल्यामुळे कडा उजळून गेल्यात. दुसरी शंका अशी की गप्पीदास पिसं फुगवून बसला की पाठीखालची पांढरी पिसं शेपटीच्या बुडावर येतात आणि शेपटीच पांढरी भासते. मी पाहिलं ते हेच असेल का?

तर प्रश्न असे. मॉरसमध्ये उडताना नजरेत भरेल इतकं पांढरं कोणी प्रत्यक्ष पाहिलंय का? पांढरं नेमकं कुठपर्यंत आलं म्हणजे हेम्प्रिचीचा विचार करायचा? आणि नुसत्या फोटोवरून हे ठरवावं की 'गप्पीदास, उपजात अनिश्चित' एवढीच नोंद ठेवावी? मला दुसरा पर्याय प्रामाणिक वाटतो, पण हातची चांगली नोंद माझ्या अज्ञानामुळे वाया जायलाही नको.

भर (गुरुवार): प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. दोघांनी विचारलं म्हणून सांगतो, काखेतली पिसं काळी आहेत. एका फोटोत पंख वर आहे आणि ते नीट दिसतं. म्हणजे युरोपातला गप्पीदास बाद, पण मॉरस की हेम्प्रिची हे त्यावरून सुटत नाही, कारण दोघांतही ती काळीच. सरळ रेषेत उडून जाताना मागून फोटो घ्या, ही सूचना पटली.

शनिवारी पहाटे पुन्हा जातोय. हिवाळ्यात गप्पीदास आपापली जागा धरून राहतात, त्यामुळे तीच बोर शोधणार आहे. ऊन पाठीशी ठेवीन आणि गाडीतूनच बसून टिपेन, म्हणजे तो बिचकणार नाही. शटर १/२००० पुरेल का, की शेपटी पसरण्याच्या त्या क्षणाला आणखी वेगवान लागेल? बाकी कुठला भाग टिपायला हवा, तेही शुक्रवार रात्रीपर्यंत सांगा.