मदत हवी आहे : ऑक्टोबरमध्ये भिऱ्याहून देवकुंड धबधबा, एका दिवसात, वडील आणि भाच्यासह

नमस्कार.

येत्या ऑक्टोबरमध्ये पुण्याहून पहाटे निघून देवकुंड धबधबा पाहावा आणि त्याच दिवशी परतावे, असा आमचा विचार आहे. भिरा गावापासून पायी धबधब्यापर्यंत जायचे, तासभर थांबायचे आणि उजेडातच गाडीपाशी यायचे, एवढाच बेत आहे. कुंडात उतरण्याचा कोणाचाही हट्ट नाही. मंडळी पाच आहेत : मी, पत्नी, धाकटा भाऊ, तेरा वर्षांचा भाचा आणि चौसष्ट वर्षांचे वडील. वडील रोज पर्वती चढतात, त्यामुळे दमाचा प्रश्न नाही. मात्र गेल्या वर्षापासून उतरताना त्यांचा उजवा गुडघा दुखतो.

आतापर्यंत जमवलेली माहिती अशी. पौड, मुळशी करत ताम्हिणी घाट उतरायचा आणि विळे, पाटणूसमार्गे भिऱ्याला पोहोचायचे. यास अडीच ते तीन तास लागतात. भिऱ्यापासूनची वाट आधी धरणाच्या जलाशयाकाठाने जवळजवळ सपाटीवरून जाते, मग दाट झाडीत शिरते, मध्ये ओढे ओलांडावे लागतात आणि अखेरचा टप्पा मोठमोठ्या खडकांमधून वर चढतो. जायला दोन ते अडीच तास आणि परतीलाही जवळपास तेवढेच धरावेत, असे कळते. पावसाळ्यात येथे माणसे वाहून गेल्याच्या आणि बुडाल्याच्या घटनांमुळे प्रशासन मनाई आदेश काढते. पूर्वी ते कलम १४४ खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. त्यामुळे जुलै-ऑगस्टचा विचार आम्ही केलाच नाही.

माझी अडचण तारखेपासून सुरू होते. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर मानली जाते, म्हणून त्यानंतरचा एखादा आठवडा निवडावा असे वाटते. परंतु फार उशीर केला तर धार रोडावलेली असेल, अशीही भीती आहे. उन्हाळ्याचा तर प्रश्नच नाही, कारण याच भिऱ्यात मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. तेव्हा कोणता आठवडा धरावा, भिऱ्याहून किती वाजता चालायला लागावे आणि वडिलांना कोठपर्यंत न्यावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. शिवाय एक शंका आहे. भिऱ्याला वीजप्रकल्प आहे आणि तेथून सुटणाऱ्या पाण्यावर कोलाडला राफ्टिंग चालते, असे ऐकले आहे. ते पाणी अचानक सोडल्यामुळे आमच्या वाटेवरचे ओढे चढण्याचा धोका असतो का?

प्रतिसाद १

आपला बेत करण्याजोगा आहे. परंतु आपण तारखेचा जेवढा विचार केला आहे, त्याहून अधिक घड्याळाचा करावा, अशी माझी सूचना आहे.

आधी शंकेचे उत्तर देतो, कारण ते सोपे आहे. कोलाडला जाणारे पाणी मूळचे मुळशीच्या जलाशयातले. ते सह्याद्रीच्या माथ्यावरून नळांवाटे भिऱ्याच्या वीजगृहात उतरते. हे वीजगृह १९२७ पासूनचे आहे. तेथून सुटलेले पाणी कुंडलिका नदीतून खाली कोलाडकडे जाते. आपली वाट त्याच्या उलट, वरच्या अंगाला आहे, त्यामुळे त्या पाण्याचा आपल्या ओढ्यांशी संबंध येत नाही. आपल्या ओढ्यांना पाणी येते ते वरच्या कड्यांवरून आणि ताम्हिणीच्या पठारावरून. ताम्हिणी घाटातल्या प्लस व्हॅली या दरीची घळही याच बाजूला उतरते. खरी गोम येथे आहे.

ऑक्टोबरातला परतीचा पाऊस दिवसभर पडत नाही. सकाळ लख्ख असते, दुपारपर्यंत उकाडा वाढतो, मग घाटमाथ्यावर ढग जमतात आणि विजांच्या कडकडाटासह तास-दोन तास जोराची सर येते. आपण खाली झाडीत असता, डोक्यावर ऊन असते आणि वर पठारावर कोसळलेले पाणी थोड्याच वेळात त्याच ओढ्यात उतरते, जो सकाळी आपण घोटाभर पाण्यातून ओलांडलेला असतो. ताम्हिणीला २५ जुलै २०२४ रोजी चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. ऑक्टोबरात असे होत नाही हे खरे, पण एवढे पाणी झेलणारे उतार बारमाही तेच असतात आणि सप्टेंबरपर्यंत भिजून तुडुंब झालेली जमीन नवे पाणी फारसे जिरवत नाही.

म्हणून पुण्याहून पाचला निघावे, साडेआठच्या आत भिऱ्याहून चालायला लागावे आणि साडेबाराला, तेव्हा जेथे असाल तेथून, मागे फिरावे. धबधबा दहा मिनिटांवर राहिला असला तरीही. असे केले तर शेवटचा ओढा दुपारी अडीचच्या सुमारास मागे पडतो. तारीख म्हणून ऑक्टोबरचा तिसरा आठवडा मला योग्य वाटतो आणि शनिवार-रविवार टाळता आला तर फारच उत्तम, कारण गर्दीच्या दिवशी खडकांच्या टप्प्यावर रांग लागते आणि ठरवलेली वेळ हातात राहत नाही.

ओढ्यापाशी तीन गोष्टी पाहाव्यात. नितळ पाणी गढूळ होणे, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येणे, आणि पाण्याचा आवाज जड होणे. यांपैकी एकही दिसली तर पाण्यात पाऊल घालू नये, पाणी गुडघ्याखाली वाटत असले तरी नाही. परतताना ओढा चढलेला आढळला, तर पात्रापासून दूर, उंचावर बसून राहावे. असे डोंगरी ओढे वरचा पाऊस थांबला की काही तासांत उतरतात. अंधार पडला तर पडू द्यावा. विजेऱ्या, कोरडा खाऊ आणि एकेक जादा सदरा त्यासाठीच बरोबर ठेवायचा असतो. झाडीत शिरल्यावर मोबाइलला नेटवर्क मिळेल असे धरून चालू नये. आपण किती वाजेपर्यंत परतणार आहात आणि न परतल्यास ११२ वर केव्हा कळवायचे, हे गावात एकाला आणि पुण्यात एकाला सांगून ठेवावे.

वडिलांविषयी स्पष्ट लिहितो. जलाशयाकाठची सपाट वाट त्यांनी अवश्य चालावी आणि झाडी सुरू होते तेथून परत फिरून गावात थांबावे. चढणाऱ्याचा दम आणि उतरणाऱ्याचा गुडघा या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपणच लिहिले आहे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील वेळेच्या हिशेबाशी पूर्ण सहमत आहे, वडिलांबाबतच्या सल्ल्याशी मात्र नाही. या वाटेचा सर्वांत सुंदर भाग मधली झाडी आहे, धबधब्यापेक्षाही सुंदर, असे माझे मत आहे. रोज पर्वती चढणाऱ्या माणसाला तिच्या तोंडाशी थांबवणे हा अन्याय आहे. दोन काठ्या आणि गुडघ्याला आधारपट्टा असेल, तर खडकांचा टप्पा सुरू होईपर्यंत ते सहज येऊ शकतील. गुडघ्याची परीक्षा शेवाळलेल्या खडकांवरून उतरताना होते. तो भाग त्यांनी टाळावा आणि त्यांच्याबरोबर आपल्या भावाने ओढ्यापासून दूर थांबावे. हा निर्णय पुण्यातच घ्यावा, त्यांना सांगावा आणि त्यांच्याकडून मान्य करून घ्यावा. धबधब्याचा आवाज ऐकू येऊ लागल्यावर कोणीही वडीलधारे माणूस खाली थांबायला तयार होत नाही.

भाच्याबद्दल एवढेच की, कुंडाचा काठ हा उभे राहण्याचा काठ आहे, पोहण्याचा नव्हे. वरून कोसळणारी धार माणसाला पाण्याखाली दाबते, तळ दिसत नाही आणि पाणी इतके गार असते की चांगल्या पोहणाऱ्याचेही हातपाय आखडतात. तेरा वर्षांच्या मुलाला हे आधीच सांगितले तर पटते. तेथे पोहोचल्यावर सांगितले तर तो रुसतो. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळे असतात, तेव्हा अत्तर लावून जाऊ नये आणि धूर करू नये. बूट चांगली पकड असलेले घ्यावेत, नवे कोरे मात्र त्या दिवशी घालू नयेत.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. तिसऱ्या आठवड्यातला बुधवार ठरवत आहोत आणि साडेबाराची वेळ सर्वांना आजच सांगितली आहे. वडिलांशी बोललो, खडकांपाशी थांबायला ते तयार आहेत, पण झाडीच्या तोंडाशी नाहीत, त्यामुळे दुसऱ्या प्रतिसादातला मार्ग स्वीकारतो. भाऊ त्यांच्याबरोबर थांबेल. सकाळी वर पठारावर ढग दिसले तर झाडीत न शिरता जलाशयाकाठीच फिरून परतायचे, हेही ठरले आहे. आता वाटाड्या आणि जेवण एवढेच उरले. आम्ही भिऱ्यात पोहोचल्यावर वाटाड्या मिळेल, की आधी ठरवावा लागेल?

प्रतिसाद १

आधीच ठरवावा, विशेषतः बुधवारी जात असाल तर. शनिवार-रविवारी गावातली मुले वाट दाखवायला थांबलेली असतात. ऑक्टोबरच्या मधल्या वारी मात्र कोकणात भातकापणी सुरू असते आणि घरातले प्रत्येक माणूस शेतावर असते. निदान आठवडाभर आधी गावात बोलून ठेवावे आणि निघायची वेळ साडेआठ, परत फिरायची साडेबारा, हेही तेव्हाच सांगावे. आपल्या मंडळींचे दोन गट पडणार असल्यामुळे वाटाड्या धबधब्यापर्यंत जाणाऱ्यांबरोबर असावा की वडिलांजवळ, हे आधी विचारून घ्यावे. माझ्या मते दोन माणसे घ्यावीत, खर्च थोडा वाढला तरी चालेल. जेवणही त्याच घरी सांगता येईल. भाकरी, पिठले, भात एवढे सहज मिळते. वेळ मात्र साडेतीनची सांगावी, दोनची नव्हे, म्हणजे गरम ताटासाठी परतीच्या खडकांवर कोणी घाई करणार नाही.